मोफत असूनही लोक का येत नाहीत: फुफ्फुसाच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग आणि वंचित वस्त्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: धूम्रपान करणाऱ्यांसाठी लो-डोस (कमी किरणांच्या) सीटी स्कॅनची तपासणी मोफत ठेवली आहे. माहितीपत्रक सोप्या भाषेत करून घेतलं, दोनदा पत्रं पाठवली. तरी सुखवस्तू भागातली माणसं येतात आणि जिथं सिगारेट सगळ्यात जास्त ओढली जाते त्या वस्त्यांमधून फारसं कुणी फिरकत नाही. जागृतीत नेमकं कुठं कमी पडतंय?

जागृतीत फारसं कमी पडत नसावं, असं मी पत्रक न बघताच म्हणेन. छातीच्या आजारांवर काम करताना आणि पुढं स्क्रीनिंगच्या कार्यक्रमात बरीच वर्षं घालवल्यावर माझं मत असं झालंय, की हजेरी कमी दिसली की आपण सगळ्यात आधी पत्रकाकडे वळतो. ते बदलणं आपल्या हातात असतं, स्वस्त असतं आणि त्यासाठी कुणाचं वेळापत्रक हलवावं लागत नाही. खरी अडचण बहुतेक वेळा पत्रकाच्या बरीच आधी असते, नाहीतर बरीच नंतर.

लंडनमध्ये नेमका हाच प्रश्न घेऊन एक चाचणी झाली, लंग स्क्रीन अपटेक ट्रायल. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. २,०१२ जणांना बोलावलं होतं. निम्म्यांना नेहमीचं माहितीपत्रक गेलं आणि निम्म्यांना खास घडवलेलं: मजकूर कमी, सूर हलका, गाडीची वार्षिक तपासणी करतो तशी फुफ्फुसांची करून घ्या असा. कॅन्सरची भीती आणि सिगारेटवरून बसणारी बोलणी त्यात मुद्दाम टाळली होती. दोन्ही गटांच्या हजेरीत म्हणावा असा फरक पडला नाही. मात्र एकूण ५२.६ टक्के लोक आले, आणि ब्रिटनमधल्या आधीच्या अनुभवाशी ताडून पाहता हा आकडा चांगला होता. माझ्या मते त्याचं श्रेय दोन्ही गटांना सारख्याच मिळालेल्या गोष्टींना जातं. पत्र स्वतःच्या फॅमिली डॉक्टरकडून आलं होतं. त्यात दिवस आणि वेळ आधीच ठरवून दिली होती. न आलेल्यांना पुन्हा आठवण केली होती. शिवाय बोलावणं ‘कॅन्सरच्या स्क्रीनिंग’चं नव्हतं, ‘फुफ्फुसांच्या आरोग्य तपासणी’चं होतं.

मुळात ही विषमता इतकी बोचते का, तेही सांगून ठेवतो. इंग्लंडमध्ये सर्वांत वंचित पाचव्या हिश्श्यातल्या लोकांमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण सर्वांत सुस्थितीतल्या हिश्श्याच्या अडीच पटींहून जास्त आहे. स्तनाच्या कॅन्सरचं असं नाही. तिथं सधन बायकांची हजेरी जास्त असली तरी त्यांच्यात आजारही कमी नसतो. इथं आजार एका टोकाला आणि हजेरी दुसऱ्या टोकाला. वेल्समधले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं की चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता गरजेच्या उलट्या प्रमाणात असते. फुफ्फुसाच्या स्क्रीनिंगइतकं त्याचं स्वच्छ उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

तपासणी उपयोगाची आहे यावर आता वाद उरलेला नाही. अमेरिकेतल्या एनएलएसटी या ५३ हजारांवर लोकांच्या चाचणीत छातीच्या एक्स-रेच्या तुलनेत लो-डोस सीटीमुळे फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. ते २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या नेल्सन चाचणीत पुरुषांमध्ये दहा वर्षांत २४ टक्के घट दिसली, ते २०२० मध्ये. तरीही अमेरिकेत २०२२ मध्ये पात्र लोकांपैकी जेमतेम १८ टक्क्यांची तपासणी वेळेवर झालेली होती. म्हणजे एकूणच हजेरी कमी, आणि त्या कमीतही वाटणी विषम.

‘लोक येत नाहीत’ हे एकच वाक्य बोललं की सगळा दोष लोकांच्या दारात जाऊन पडतो. त्याचे तुकडे करा. माणसाचं नाव आणि त्याच्या सिगारेटची नोंद कुठंतरी हवी. तो निकषात बसायला हवा. बोलावणं त्याच्या हातात पडायला हवं. त्याला त्या दिवशी, त्या जागी पोचता यायला हवं. स्कॅननंतर पुढच्या तपासण्यांना तो टिकायला हवा. कॅन्सर निघालाच तर शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन मिळायला हवं. नुसता हिशेब करून बघा: या सहा टप्प्यांवर प्रत्येकी ९० टक्के लोक टिकले तर शंभरातले ५३ शेवटपर्यंत जातात. प्रत्येकी ७५ टक्के टिकले तर १८. कुठल्याही एका टप्प्यावर फरक डोळ्यांत भरण्याइतका नसतो, म्हणून प्रत्येक विभाग म्हणतो ‘आमच्याकडे तर ठीक चाललंय’.

आता निकषाचा टप्पा घ्या. इथली विषमता कागदावरच लिहिलेली असते, त्यामुळं ती हजेरीच्या आकड्यात दिसतसुद्धा नाही. जो निकषात बसला नाही तो ‘गैरहजर’ मोजला जात नाही. एनएलएसटीत भाग घेणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के गोरे होते, कृष्णवर्णीय साडेचार टक्क्यांच्या आसपास. त्या चाचणीच्या पायावर अमेरिकेत २०१३ मध्ये निकष ठरले: वय ५५ ते ८०, किमान ३० पॅक-इयर, आणि सिगारेट सोडून १५ वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नको. पॅक-इयर म्हणजे रोज वीस सिगारेटचं एक पाकीट, असं वर्षभर. अडचण अशी की कृष्णवर्णीय अमेरिकनांना तुलनेनं कमी सिगारेटवर आणि कमी वयात हा कॅन्सर होतो. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या गरीब लोकसंख्येच्या एका मोठ्या अभ्यासात, २०१९ मध्ये, फुफ्फुसाचा कॅन्सर झालेल्या धूम्रपान करणाऱ्यांना मागं जाऊन हा निकष लावून पाहिला. गोऱ्यांपैकी ५६ टक्के त्यात बसले असते, कृष्णवर्णीयांपैकी ३२ टक्के. म्हणजे पत्रक कितीही सुंदर केलं असतं तरी कॅन्सर होणाऱ्या दर तीन कृष्णवर्णीयांपैकी दोघांना ते गेलंच नसतं.

२०२१ मध्ये निकष सैल झाले: वय ५० पासून, २० पॅक-इयर. अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं २०२३ मध्ये ‘सोडून १५ वर्षं’ ही अटही काढून टाकली. दुसरा रस्ता जोखमीच्या गणिताचा आहे. इंग्लंडच्या कार्यक्रमात ५५ ते ७४ वयाच्या, कधीही सिगारेट ओढलेल्या प्रत्येकाची जोखीम मोजतात. त्यातल्या पीएलसीओ-एम-२०१२ या सूत्रात वय आणि सिगारेटबरोबर शिक्षण, सीओपीडी (बहुधा सिगारेटमुळं जडणारा, धाप लावणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार), घरातला कॅन्सरचा इतिहास, वंश हेही धरलेलं आहे. त्यामुळं कमी शिकलेल्या, सीओपीडी असलेल्या, कमी सिगारेट ओढणाऱ्या माणसाचीही जोखीम वर येते. मला हा रस्ता जास्त न्याय्य वाटतो, जरी तो राबवायला किचकट आहे आणि फोनवर प्रश्न विचारायला प्रशिक्षित माणूस लागतो. तैवाननं २०२२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करताना सिगारेट न ओढणाऱ्या पण घरात हा कॅन्सर असलेल्यांनाही आत घेतलं, कारण तिथं धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांमध्ये हा आजार बराच आढळतो. निकष हे धोरण असतं. ते कुणाकडे बघून आखलं, हे विचारायची सवय ठेवा.

निकषात आणखी एक बारीक गळती असते, आणि ती तुमच्या फोन करणाऱ्या माणसाच्या हातात असते. हातानं वळून सिगारेट ओढणाऱ्यांत गरिबांचं प्रमाण जास्त असतं, कारण सुटा तंबाखू स्वस्त पडतो. अशा माणसाला फोनवर विचारलं, ‘दिवसाला किती?’ तो म्हणतो, ‘आठ-दहा होत असतील.’ तीस वर्षं ओढतोय. दहा धरल्या तरी अर्धं पाकीट गुणिले तीस, पंधरा पॅक-इयर. २० च्या निकषात बसत नाही, फोन संपला. त्याच माणसाला माझी एक सहकारी वेगळं विचारते: ‘पन्नास ग्रॅमचं पाउच किती दिवस पुरतं?’ तो लगेच सांगतो, ‘शनिवार ते शनिवार.’ एका सिगारेटला साधारण अर्धा ग्रॅम तंबाखू धरतात. पन्नास ग्रॅम म्हणजे आठवड्याला शंभर, दिवसाला चौदा. चौदा भागिले वीस गुणिले तीस, एकवीस पॅक-इयर. माणूस तोच, फुफ्फुसं तीच, आणि आता तो पात्र आहे. तो खोटं बोलत नव्हता. वळलेल्या सिगारेटी कुणी मोजत नाही, पाउच मात्र विकत घ्यावं लागतं म्हणून लक्षात राहतं. मधल्या काळात कामावरून सुटल्यामुळं, तुरुंगात असल्यामुळं किंवा पैसे नसल्यामुळं ओढणं कमी-जास्त झालेलं असतं, तेही विचारा. ‘सरासरी’ हा शब्द फोनवर वापरू नका; लोक शेवटच्या महिन्याचं सांगतात.

नोंदींचं थोडक्यात सांगतो. डॉक्टरांच्या फायलीत ‘धूम्रपान नाही’ असं वीस वर्षांपूर्वी लिहिलेलं तसंच पुढं चालत आलेलं असतं. ज्यांचं कुठं नावच नाही, वारंवार पत्ता बदलणारे, निवाऱ्यात राहणारे, गंभीर मानसिक आजारामुळं फक्त मानसोपचार विभागातच जाणारे, ते यादीत मुळात येत नाहीत. त्यांच्यात धूम्रपान मात्र सर्वांत जास्त असतं.

आता पोचण्याचा भाग. हातावर पोट असलेल्या माणसाला ‘सोयीची वेळ फोन करून ठरवा’ असं सांगणं ही सोय नसते. ऑफिसच्या वेळेत फोन लावायचा, तो लागेपर्यंत कानाला धरायचा, मग खाडा कोणत्या दिवशी परवडेल ते ठरवायचं. म्हणून आधीच ठरवून दिलेली वेळ, ती बदलायची मुभा, आणि संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी काही जागा, एवढं केलं तरी फरक दिसतो. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्यांचं वेगळं. एक बाई दोनदा वेळ घेऊन आल्या नाहीत, तेव्हा नोंदीत ‘इच्छुक नाही’ असा शेरा पडला होता. तिसऱ्यांदा फोन केल्यावर कळलं की नवऱ्याला अर्धांगवायू आहे आणि बाईंना घराबाहेर सलग चाळीस मिनिटंच राहता येतं. त्यांना दिवसाची पहिली वेळ दिली, प्रश्नावली फोनवर आधीच भरून घेतली. त्या आल्या. ‘इच्छुक नाही’ हा शेरा कारण विचारल्याशिवाय मारायला मी आमच्याकडे बंदीच केली आहे.

यंत्र लोकांजवळ न्यायचा प्रयोग मँचेस्टरनं २०१६ मध्ये केला. वंचित भागांत, लोक एरवी खरेदीला जातात तिथं, गाडीवर बसवलेलं सीटी यंत्र उभं केलं. फुफ्फुसांची तपासणी, जोखमीचा हिशेब आणि पात्र असल्यास लगेच तिथंच स्कॅन. आलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक सर्वांत वंचित पाचव्या हिश्श्यातले होते. स्कॅन झालेल्यांत पहिल्याच फेरीत ३ टक्के लोकांना कॅन्सर निघाला आणि त्यातले ८० टक्के पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातले, म्हणजे बरे होण्याजोगे. एरवी या आजारात चित्र जवळपास उलटं असतं. या आणि अशा प्रयोगांवर पुढं इंग्लंडचा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. जून २०२३ मध्ये त्याची घोषणा झाली.

पण गाडी उभी केली की झालं, असं समजू नका. यॉर्कशायरमध्ये लीड्सच्या मोठ्या चाचणीतही फिरतं यंत्र होतं, फोनवर जोखीम मोजायची सोय होती, आणि तरीही बोलावलेल्यांपैकी निम्म्यांनीच प्रतिसाद दिला. वंचित भागांतून कमी, आणि सध्या सिगारेट ओढणाऱ्यांकडून सोडलेल्यांपेक्षा बराच कमी. हा दुसरा फरक नीट बघा. अंतर, भाडं, वेळ हे सगळं काढून टाकल्यावरही तो उरतो.

उरतो कारण सिगारेट ओढणाऱ्या माणसाला दवाखान्यात काय ऐकायला मिळणार ते ठाऊक असतं. तो खोकल्यासाठी गेला तरी, पाय मुरगळला म्हणून गेला तरी, बोलणं सिगारेटवर येऊन थांबतं. आता तर खास सिगारेटीमुळं होणाऱ्या आजारासाठी बोलावताहेत. मनात दोन गोष्टी एकत्र असतात: ‘आपणच ओढवून घेतलंय, आता कुठल्या तोंडानं जायचं’ आणि ‘लागायचा तो लागणारच, कळून काय करू’. या दुसऱ्या वाक्याला आपण अज्ञान म्हणतो, नियतिवाद म्हणतो. मला तसं म्हणवत नाही. त्याच्या बापाला, मामाला, शेजाऱ्याला हा कॅन्सर झाला तेव्हा तो चौथ्या टप्प्यात सापडला आणि काही महिन्यांत माणूस गेला. कुणी बरा झालेला त्यानं पाहिलेलाच नाही. त्याचा निष्कर्ष त्याच्या अनुभवाशी प्रामाणिक आहे. त्याला टक्केवारी सांगून उपयोग होत नाही. त्याच्याच वस्तीतल्या, स्क्रीनिंगमध्ये गाठ सापडून शस्त्रक्रिया झालेल्या आणि आज कामावर जाणाऱ्या माणसाशी त्याची गाठ घालून द्या. अशी माणसं सुरुवातीला मिळत नाहीत, वर्षभरात मिळायला लागतात. त्यांना बोलायची इच्छा असेल तर त्यांना कार्यक्रमाचा भाग करून घ्या, आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या.

सिगारेट सोडवण्याची मदत जरूर ठेवा. लीड्समध्ये ती स्कॅनच्याच जागी दिली गेली आणि ते योग्यच आहे. फक्त ती तपासणीच्या दारावरचा टोल होता कामा नये. आमच्याकडे क्रम ठरलेला आहे: आधी स्कॅन, मग ‘सोडायची इच्छा असेल तर ही ताई इथंच बसलेली आहे’ एवढं एक वाक्य. स्वागताला बसणाऱ्या माणसालाही हे शिकवावं लागतं. दारातच कुणी कपड्यांच्या वासावरून नाक मुरडलं तर पुढचं सगळं वाया जातं.

तुमच्याकडे पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर माणसावर खर्च करा. ज्याला नॅव्हिगेटर म्हणतात, म्हणजे यादीतल्या प्रत्येकाला स्वतः फोन करणारा, वेळ ठरवणारा, आदल्या दिवशी आठवण करणारा, गाडीची सोय बघणारा, गरज पडली तर सोबत येणारा माणूस. बॉस्टन परिसरातल्या सामुदायिक दवाखान्यांत धूम्रपान करणाऱ्यांवर याची चाचणी झाली. नॅव्हिगेटर असलेल्या गटात २३.५ टक्क्यांचं स्क्रीनिंग झालं, नसलेल्या गटात ८.६ टक्क्यांचं. त्याच शहरात बेघरांसाठीच्या दवाखान्यात २६० जणांवर झालेल्या चाचणीत सहा महिन्यांत ४३.४ टक्के विरुद्ध ९.२ टक्के. बेघर माणसं ‘येणारच नाहीत’ असं धरून चालणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा. या कामाला वैद्यकीय पदवी लागत नाही. वस्तीची भाषा, चिकाटी आणि फोन न उचलणाऱ्यावर न चिडण्याचा स्वभाव लागतो.

आता ज्या भागाकडे जवळपास कुणीच बघत नाही, त्याकडे येतो. हजेरीचा आकडा पहिल्या स्कॅनपाशी संपतो, स्क्रीनिंग मात्र तिथं सुरू होतं. दरवर्षी किंवा दोन वर्षांनी पुन्हा यायचं असतं. एनएलएसटीत जवळपास ९५ टक्के लोक ठरलेल्या फेऱ्यांना आले होते. प्रत्यक्ष व्यवहारातल्या अमेरिकी अभ्यासांची बेरीज केली तर पुन्हा येणारे ५५ टक्क्यांच्या आसपास निघतात, आणि त्यातही गळणारे जास्त करून चालू धूम्रपान करणारे आणि कृष्णवर्णीय. एकदाच येऊन गेलेल्या माणसाला चाचण्यांत दिसलेला फायदा पूर्ण मिळत नाही.

त्याहून नाजूक मामला संशयास्पद गाठींचा. स्कॅनमध्ये छोटी गाठ दिसते, बहुतेकदा ती निरुपद्रवी असते, तीन महिन्यांनी पुन्हा बघू असं ठरतं. ही बातमी कशी पोचते? मी पाहिलेल्या एका कार्यक्रमात ती पत्रानं जायची. पत्र शुक्रवारी दुपारी पडायचं, त्यात ‘अनिश्चित स्वरूपाची गाठ’ असे शब्द, खाली एक फोन नंबर, आणि तो नंबर सोमवारी सकाळपर्यंत बंद. ज्याच्या ओळखीत एखादा डॉक्टर आहे तो त्याच संध्याकाळी त्याला फोन करून शांत होतो. ज्याच्या नाही, तो दोन रात्री मरण डोक्यात घेऊन काढतो आणि तीन महिन्यांनंतरची तारीख आली की तिकडे फिरकत नाही. उपाय साधा होता: असा निकाल आधी नर्सनं फोनवर सांगायचा, पत्र मागून, आणि सोमवार ते बुधवारच्या आतच. बुधवारनंतर असं पत्र टपालात टाकायचं नाही.

जिथं उपचार विम्यावर चालतात तिथं पैशाचीही गाठ बसते. अमेरिकेत स्क्रीनिंगचा स्कॅन बहुतेक विम्यांत मोफत आहे. पण त्यात काही सापडलं की पुढचा सीटी, पेट स्कॅन, बायोप्सी हे ‘निदान’ ठरतं आणि त्याचा काही भार रुग्णावर येऊ शकतो. हे माहीत असलेला माणूस मोफत तपासणीलाही जपूनच येतो, आणि त्याचा हिशेब चुकीचा नसतो. तुमच्याकडे पुढचा खर्च कोण करणार, हे पत्रकात पहिल्या पानावर लिहिलंय का? नसेल तर ती एक ओळ बाकी सगळ्या सोप्या भाषेपेक्षा कामाची आहे.

आणि उपचार. १९९९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या एका अभ्यासात, सुरुवातीच्या टप्प्यातल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी अमेरिकेतल्या गोऱ्या ज्येष्ठ रुग्णांपैकी ७६.७ टक्क्यांची शस्त्रक्रिया झाली होती, कृष्णवर्णीयांपैकी ६४ टक्क्यांची. लवकर सापडूनही. पुढं ‘ॲक्युअर’ या प्रकल्पानं यावर उपाय करून पाहिला. प्रत्येक रुग्णाची प्रगती संगणकावर पाहत राहायची, ठरलेली भेट चुकली किंवा पुढचं पाऊल वेळेत पडलं नाही की लगेच इशारा, तो नॅव्हिगेटरकडे, आणि डॉक्टरांच्या चमूला त्यांच्याच रुग्णांचे वंशनिहाय आकडे दाखवायचे. आधी उपचार पूर्ण होण्याचं प्रमाण गोऱ्यांत ७८ आणि कृष्णवर्णीयांत ६९ टक्के होतं. प्रकल्पात ते ९५ आणि ९६.५ झालं. गोऱ्यांचंही सुधारलं, हे विशेष. रुग्णांना काहीही ‘समजावलेलं’ नव्हतं असं नाही, पण मुख्य बदल यंत्रणेच्या लक्ष ठेवण्यात होता.

इथं एक सावधगिरी, कारण तुमच्यासारख्या तळमळीच्या माणसांकडून उलट चूकही होऊ शकते. हजेरी वाढवणं हेच उद्दिष्ट मानलं की दडपण येतं. वंचित वस्त्यांत ज्यांना हा कॅन्सर होण्याची जोखीम जास्त, त्यांनाच बऱ्याचदा जोडीला हृदयविकार आणि तीव्र सीओपीडी असतो. चार पावलं चालल्यावर धाप लागणाऱ्या माणसाला शस्त्रक्रिया झेपणार नसेल, तर स्कॅनमधून त्याच्या वाट्याला काळजी आणि बायोप्सीचा धोका एवढंच येऊ शकतं. एनएलएसटीत लो-डोस सीटीच्या जवळपास चौथ्या हिश्श्यात काहीतरी संशयास्पद दिसलं आणि त्यातलं ९६ टक्क्यांहून जास्त कॅन्सर नव्हतं. आता गाठींचे निकष कडक झाल्यानं हे प्रमाण बरंच उतरलं आहे, शून्य झालेलं नाही. सगळं समजून घेऊन कुणी ‘नको’ म्हणालं तर ती गळती नव्हे. तुमच्या तक्त्यात त्यासाठी वेगळा रकाना ठेवा. ‘समजून नकार’, ‘पोचता आलं नाही’ आणि ‘संपर्कच झाला नाही’ हे तीन आज तुमच्याकडे एकाच आकड्यात मिसळलेले असणार.

म्हणून नवं पत्रक छापायच्या आधी हे करा: गेल्या वर्षीची यादी काढा, पत्त्यावरून वस्तीचा आर्थिक स्तर लावा आणि वर सांगितलेल्या प्रत्येक टप्प्यावर सधन आणि वंचित गटांतले किती टिकले ते शेजारी शेजारी मांडा. सध्या ओढणारे आणि सोडलेले हेही वेगळे करा. अंतर सर्वांत जास्त कुठं पडतंय ते एका दुपारी कळेल. पैसे तिथं लावा. माझा अंदाज विचाराल तर तुमच्याकडे ते वेळ ठरवण्याच्या पद्धतीत आणि तीन महिन्यांच्या फेरतपासणीत निघेल, पण तुमचे आकडे माझ्या अंदाजापेक्षा खरे.

आणि फोनवर बसणाऱ्यांना एक सूचना आजच द्या. वंचित भागांत दूरध्वनी सुरू केले की असे लोक भेटतात ज्यांना आधीच त्रास आहे: थुंकीतून रक्त, तीन आठवड्यांहून जास्त खोकला, कारण नसताना उतरलेलं वजन, बसलेला आवाज. त्यांना स्क्रीनिंगची तारीख देऊन थांबवू नका. स्क्रीनिंग लक्षणं नसलेल्यांसाठी असतं. यांना त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवायचं, आणि ते पोचले की नाही हे दुसऱ्या दिवशी फोन करून विचारायचं.